रुमालाखालचा सौदा

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या सासूनं फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण गोल फिरून बोलणं मला कधी जमलं नाही. सासूनं पैसा खाल्ला नाही की दागिना दाबला नाही. तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती आणि ती तिनं दडवली. त्यापायी माझ्या बहिणीची तान्ही लेक तिच्या छातीपासून तोडली गेली. मी त्या बाईशी एक सौदा केला होता. माझी बाजू मी आजवर पाळली. तिनं पाळली नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

नव्वदच्या दशकात मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करायचे. नवरा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा आणि गाळप हंगाम संपला की घरात लोळायचा. त्याच्या जिवावर राहिले असते तर मीही लोळत राहिले असते. मी एक शेळी घेतली, ती विकून दोन घेतल्या आणि तिथून माझं मी वाढवलं. इंदापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पायाखाली घालायच्या, दारातली शेळी बघायची, घासाघीस करून घ्यायची आणि काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बारामतीच्या बाजारात न्यायची. जीपवाला म्हणायचा, "अक्का, शेळ्यांचं तिकीट अर्धं आणि तुमचं दुप्पट घ्यायला पायजे. शेळ्या निदान गप बसत्यात."

त्या वेळी बाजारात जनावराचा भाव रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि विकणारा हातात हात द्यायचे, वर टॉवेल पडायचा आणि आत बोटं दाबून बोलणी चालायची. आत काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. बघ्यांनी नुसते चेहरे वाचायचे. मी पडले बाईमाणूस. माझ्या हाताला टॉवेलाखाली हात कोण लावणार, आणि लावला असता तर तो धड परत गेला असता का? म्हणून मी उघड्यावर भाव करायचे, खणखणीत. दलाल वैतागायचे.

"आली बघा लाऊडस्पीकर. अक्का, जरा हळू. निम्म्या बाजाराला भाव कळला."

"कळू द्या की. चोरीचा माल हाय व्हय?"

हळूहळू लोकांना माझीच सवय झाली. या बाईच्या मालात दडलेलं काही नसतं, असं म्हणू लागले. बाजाराचा एक अलिखित कायदा होता. जनावराला खोड असेल, मारकं असेल किंवा पिल्लाला पाजत नसेल, तर ते विकणाऱ्यानं आधी सांगायचं. दडवलं आणि मागून निघालं, तर जनावर परत. हा कायदा मी कधी मोडला नाही. पुढं हाच कायदा माझ्या बहिणीच्या गळ्यात बांधला जाईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

आमचं माहेर शेळगावच्या शिवारात, माळाला लागून; बाजार नसला की मी तिथंच असायचे. वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरं होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन कोकणाकडं उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. त्यांच्या घोंगडीला धुराचा आणि लोकरीचा एक वास असायचा. तो वास दारातून आत आला की घर भरल्यासारखं वाटायचं. कुणाच्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखताच्या बदल्यात पोतंभर ज्वारी मिळायची. पुढं पाटाचं पाणी आलं, माळ नांगरले गेले, मेंढरांच्या जुन्या वाटा उसात बुडाल्या. आबांनी कळप कमी करत आणला. पण थोडी मेंढरं दारात राहिलीच. त्यांच्याशिवाय आबांना झोप लागत नसे.

धाकटी माझ्यापेक्षा बरीच लहान. तिला मीच कडेवर वागवलेली. ती कोकरांत वाढली आणि तिला एक विद्या येत होती. मेंढी कोकराला हाका मारते तसा आवाज ती घशातून काढायची, खोल आणि थरथरता. तो ऐकला की भलत्याच मेंढीची कोकरं तिच्याकडं धावत यायची. आबा रागवायचे, "आगं, कळप बिघडवशील." ती हसत सुटायची. प्रत्येक कोकराचं तोंड तिला कुठल्यातरी पाहुण्यासारखं दिसायचं. "अक्का, ह्ये बघ. आपला मामा. पंगतीत वाढायचं राहिल्यागत बघतोय." एकदा हे म्हटल्यावर त्या मामाकडं बघून जेवताना मला ठसका लागला होता. आजही दुपारी कुठं मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या की पहिलं तिचं हसू ऐकू येतं.

तिला स्थळ आलं ते कोऱ्हाळे बुद्रुकचं. माणसं आमच्यासारखीच मेंढरांतली, पण शहाणपणानं लवकर मेंढरं विकून ऊस लावलेली. दारात ट्रॅक्टर, घरात रंगीत टीव्ही. मुलगा गरीब स्वभावाचा, आई म्हणेल ती पूर्व. सासू म्हणजे घराचा मुकादम. तिचं माहेर अंथुर्णं, आमच्या शेजारचं. पसंतीला आली तेव्हा म्हणाली, "मला माझ्या माहेरच्या वाटंवरची सून पायजे. जाता-येता दोघी बरोबर जाऊ." आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं तिनं माझ्या बहिणीला मायेनं वागवलं. हे मी नाकारणार नाही. त्यामुळंच तर राग जास्त येतो.

पहिलं बाळंतपण माहेरी. धाकटी सातव्यात आमच्याकडं आली. मुलगी झाली. आबांनी गावात पेढे वाटले. मी बाजारातून येताना डिंक, खारीक, खोबरं आणलं आणि वाण्याशी इतकी भांडले की त्यानं वर गुळाची ढेप दिली. खोलीत शेगडी, धुरी, शेपेचा वास. सगळं कसं व्हायला हवं तसंच होतं.

पाचवी झाली आणि धाकटीची झोप उडाली. आधी आम्हाला वाटलं, लेकरू झोपू देत नसेल. पण लेकरू झोपलं तरी ही टक्क उघडी. ताट समोर तसंच राहायचं. एका दुपारी मी तिच्या बाजेवर बसले होते. ती म्हणाली, "अक्का, ती रडतीय."

"न्हाय गं. झोपलीय बघ."

"मला ऐकू येतंय. सारखं येतंय."

मग स्वतःचे दोन्ही हात पुढं करून बघत बसली. "ह्ये हात माझं न्हाईत. हिला उचललं की वाटतं, पडंल माझ्या हातनं. दुसऱ्या कुणाला तरी द्या हिला."

कोकरं जिच्यामागं धावायची, ती माझी बहीण स्वतःच्या लेकराकडं पाठ करून भिंतीकडं तोंड फिरवायची. शेजारणी यायच्या, हळू आवाजात बोलायच्या. कुणी म्हणालं बाहेरचं लागलं. अंगारा लावून झाला, लिंबू उतरवून झालं. धाकटी तशीच.

मग आबांनी त्यांना जे ठाऊक होतं ते केलं.

आमच्याकडं पहिलारू मेंढी कधीकधी व्यायल्यावर कोकराला घेत नाही. जवळ आलं की डोकं मारते. आबा तशा मेंढीला कधी शिवी देत नसत. "तिचं अंग अजून तिच्या ताब्यात न्हाय," म्हणायचे. मग वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, एका कोपऱ्यात मायलेकरांना दोघांनाच कोंडायचे. कोकराच्या पाठीला मीठ चोळायचे, म्हणजे मेंढी चाटते. चाटता चाटता माया सुटते. दोन-चार दिवसांत ती मेंढी कोकरासाठी कुत्र्याच्याही अंगावर जाते. हे मी शेकडो वेळा बघितलंय.

आबांनी लोकर ठेवायची मागची खोली रिकामी केली, सारवून घेतली आणि धाकटीला लेकरासकट तिथं ठेवलं. शेजारणींनी ये-जा करू नये म्हणून बाहेरून कडी. आई पाजायच्या वेळी आत जायची. बाकीचा दिवस आबा दाराला पाठ लावून हातातल्या चातीवर लोकर कातत बसायचे आणि आतला आवाज ऐकायचे. एकदा आईला दबक्या आवाजात म्हणाले, "थोडं मीठ...?"

आई उसळली, "पोरीला मेंढरू समजलासा व्हय?"

आबांनी मिठाचा विषय सोडला, पण दार सोडलं नाही. त्यांच्या लेखी ते लेकीची राखण करत होते. इतक्या मायेनं केलेली चूक मी दुसरी बघितली नाही. मेंढी कोपऱ्यात निदान बसून रवंथ करते. माझ्या बहिणीला डोळा लागत नव्हता. त्यात तिला ज्याचं भय, ते लेकरूच एकटीच्या हवाली. ती आणखी आणखी आत गेली.

आणि नेमकी तेव्हाच सासरची माणसं पाळणा घेऊन आली.

जीप दारात थांबली. सासू पुढं, मागं नवरा, त्याच्या मागं पाळण्याचा गठ्ठा घेतलेला गडी. सासूनं कडी बघितली.

"कोंडून ठिवलीय?"

"कोंडली न्हाय, विहीणबाई," आबा उठून उभे राहिले. "लेकराची सवय व्हावी म्हणून..."

त्यांनी दार उघडलं. धाकटी बाजेवर बसून भिंतीकडं बघत होती. केस सुटलेले, चोळी दुधानं भिजलेली, लेकरू पायथ्याशी. सासू उंबऱ्याच्या अलीकडंच थांबली. मी शेजारी उभी होते. जनावर बघून पारखायची मला सवय आहे, माणसाचा चेहराही तसाच वाचते. त्या बाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. भीती होती. पहिल्यांदा बघणाऱ्याची भीती वेगळी असते आणि ओळखीचं बघणाऱ्याची वेगळी. तेव्हा मला फरक जाणवला, अर्थ लागला नाही.

पुढच्या क्षणी तिनं चेहरा बांधून घेतला. "ही आदीपासनंच अशी असणार. तुमी सांगितलं न्हाय. खोड दडवून पोरगी दिलीसा."

खोड. माझ्या बाजारातला शब्द, माझ्या घरात, माझ्या बहिणीला.

मी तिच्या अंगावर गेले. काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. आबांनी मला धरलं. "अक्के, तोंड आवर. पोरीचा संसार हाय." सासूनं गड्याला खूण केली, स्वतः आत न जाता त्याच्याकरवी लेकरू बाहेर आणवलं. "आमचं लेकरू आमी नेतो. ही बरी झाली तर म्होरलं बघू." नवरा जमिनीकडं बघत होता. जमिनीत काय दिसत होतं देव जाणे. मी त्याला म्हटलं, "पाव्हणं, तुमाला तोंड दिलंय का नुसतं मिशा लावायला जागा दिलीय?" तो जीपमध्ये जाऊन बसला.

पाळणा आमच्याच दारात पडून राहिला. लेकरू गेलं. आबांनी ती कडी पक्कडीनं उपटून काढली आणि विहिरीत टाकली. पण आता कोऱ्हाळ्यात, बारामतीत, सगळीकडं हेच झालं होतं, की पोरगी वेडी होती, बापानं कोंडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी धाकटीला काळीपिवळीत घालून बारामतीला नेलं. एका डॉक्टरबाईंचं नाव ऐकलं होतं. नंबर लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर धाकटी माझ्या खांद्यावर मान टाकून बसली होती आणि मी बाजारात जाताना करते तशी मनात बोलणी जुळवत होते. आत गेल्यावर सरळ विचारलं, "बाई, खोड हाय का रोग हाय, एवढंच सांगा."

डॉक्टरबाईंनी धाकटीशी बराच वेळ शांतपणं बोलून घेतलं, रक्त घेतलं, मग माझ्याकडं वळल्या. "पोटात मूल असतं तेव्हा अंगात काही हार्मोन वाढत जातात. पाटाला पाणी सुटावं तसे, काठोकाठ. मूल बाहेर आलं की दोन-चार दिवसांत गेट बंद. एकदम. त्याचा मेंदूवर परिणाम होतो."

"गेट तर सगळ्याच बायांचं बंद हुतं. सगळ्या कुठं अशा हुत्यात?"

त्या हसल्या. "बाजारात बसता का तुम्ही?"

"शेळ्यांच्या."

"मग मला सांगा. पाटाचं पाणी सगळ्यांचंच बंद होतं. भेगा काही रानांनाच का पडतात?"

"माती येगळी असती."

"तसंच. काहींचं अंग हा उतार सोसतं, काहींचं नाही. त्यातलं थोडं आईबापांच्या रक्तातून येतं. पण भेगा पडल्या म्हणून ते रान नापीक, असं म्हणता का तुम्ही?"

"न्हाय. पाणी दिलं की मिटत्यात."

"मग ही खोड नाही. आजार आहे आणि बरा होतो. गोळ्या देते. हिला झोपू द्या. रात्री बाळाकडं दुसऱ्या कुणीतरी बघायचं आणि दिवसा बाळ हिच्याजवळ असू द्यायचं, कुणीतरी सोबत बसून." मग इकडंतिकडं बघत त्यांनी विचारलं, "बाळ कुठंय?"

"तिच्या सासूनं न्हेलं," मी सांगितलं.

गोळ्यांना लगेच गुण आला नाही. ते दिवस मला उन्हाच्या तुकड्यांसारखे आठवतात. आई तिला दारातल्या कडुनिंबाखाली बसवून वेणी घालायची. आबा तिच्या पायाशी एखादं कोकरू आणून सोडायचे आणि काही न बोलता निघून जायचे. तिचं दूध आटलं. आटताना छाती दगड व्हायची, ती दात आवळून बसायची. मग ती झोपू लागली. मग जेवू लागली. एका दुपारी मी तव्यावर भाकरी टाकली होती आणि ती दारातल्या बोकडाकडं बघत म्हणाली, "अक्का, ह्याचं तोंड तुझ्या त्या दलालासारखं हाय. भाव पाडायला आल्यागत." मी भाकरी तशीच टाकून तिच्याकडं बघत राहिले. भाकरीचा कोळसा झाला. आईनं ती जळकी भाकरी देवापुढं ठेवली.

हसून झाल्यावर धाकटीनं विचारलं, "माझी पोरगी आता केवढी झाली असंल?"

आबा कोऱ्हाळ्याला गेले. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी सासूपुढं मांडलं. ती म्हणाली, "रक्तात हाय म्हणाली ना डॉक्टरीण? मग उंद्या परत झालं तर? लेकरू आमी मोठं करू. ती राहू दे तिकडंच." आबा पुन्हा गेले. पुन्हा तेच. गावातली वडीलधारी माणसं मध्ये पडली आणि काडीमोडाची भाषा बोलू लागली. धाकटी ऐकत असायची. ती रडायची नाही. लेकीसाठी शिवलेली अंगडी ती उसवून मोठी करायची, कारण न बघता तिला वाढत्या लेकराचं माप काढावं लागत होतं.

त्याच दिवसांत मी शेळी बघायला अंथुर्ण्याला गेले. एका म्हातारीची शेळी होती. बोलता बोलता कुणाची कोण ते निघालं. मी बहिणीच्या सासरचं सांगितलं. सासूचं माहेर शेजारच्याच घरात. म्हातारीनं ओळखलं.

"म्हंजी तुझी बहीण तिची सून व्हय? काय झालं म्हणं तिला?"

मी सांगितलं. म्हातारी पायावरची माशी हाकलत म्हणाली, "मग त्यात काय एवढं? सासूचं बी तसंच झाल्तं की. थोरला झाला तवा."

माझ्या हातात शेळीचा कान होता. तो तसाच राहिला. "कुणाचं?"

"तिचंच. हितंच आली व्हती बाळंतपणाला. लेकराला घ्येत न्हवती. पोत्यावर बसून भिताडाकडं बघायची. तिची आई लई खमकी. म्हणाली, माझ्या लेकीला कुणी काय म्हणायचं न्हाय. आमी बाया पाळीपाळीनं पोर सांभाळायचो, तिला झोपू द्यायचो, पाजायपुरतं मांडीवर द्यायचो. सुगी झाली तशी झाली बरी. सासरी कळू बी दिलं न्हाय. कावीळ झालीय म्हणून सांगितलं." मग म्हातारी हसली. "आन् आता बघ, कशी ट्रॅक्टरवाली झालीय."

ती शेळी मी म्हातारी म्हणेल त्या भावाला घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच, एका शब्दाची घासाघीस न करता.

संध्याकाळची धार काढायच्या वेळी मी कोऱ्हाळ्यात पोचले. सासू गोठ्यात म्हशीखाली बसली होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. पलीकडं घरात लेकराचा आवाज येत होता.

"आत्याबाई, अंथुर्ण्याला गेल्ते."

सडावरचा हात थांबला. "काय घेतलंस?"

"एक शेळी. आन् एक गोष्ट."

तिनं वर बघितलं नाही. चरवीत धार पडायची बंद झाली, तसं म्हशीनं मान वळवून बघितलं.

"कावीळ झाल्ती न्हवं तुमाला?" मी म्हटलं.

"हळू बोल."

"तुमाला कुणी कोंडलं न्हाय. तुमच्या आईनं तुमाला झोपू दिलं. लेकरू तुमच्याजवळच ठिवलं. कुणी म्हणालं न्हाय, रक्तात हाय म्हणून. आन् तुमी माझ्या बहिणीचा उंबरा बी ओलांडला न्हाय. बघितल्या बघितल्या वळखलं तुमी. वळखलं का न्हाय?"

"हळू बोल गं, पाया पडते."

"का केलं असं?"

तिनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकलं. मग म्हणाली, "मला परत त्ये बघायचं न्हवतं."

एवढंच. त्या क्षणी मला तिची दया आली, हे खरं. पण दया आली म्हणून मी कधी भाव सोडला नाही. मी म्हटलं, "उंद्या जीप घिऊन या. तुमी सोता या. लेकरू तिच्या मांडीवर द्या. आन् वेड ह्यो शबुद ह्या घरात परत निघायचा न्हाय, पोरीच्या कानावर तर कधीच न्हाय. मग मी बी अंथुर्ण्याचं नाव काढणार न्हाय. मरूस्तवर."

तिनं दुधानं ओला झालेला हात पुढं केला. मी दिला. तिच्या खांद्यावरचा पदर घसरून दोघींच्या हातांवर पडला. उभ्या जन्मात मी रुमालाखाली केलेला तो एवढाच सौदा.

जीप आली. सासू उतरली, कडेवर लेकरू. पोरगी रांगायच्या वयाची झाली होती, गुबगुबीत, डोळ्यांत भरभरून काजळ. धाकटीनं हात पसरले. पोरगी आजीच्या मानेला मिठी मारून किंचाळली. आई डोळ्याला पदर लावून मागं फिरली. मला वाटलं, आता ही परत आत जाते की काय, भिंतीकडं.

धाकटीनं हात खाली घेतले. मातीतच बसली. मग घशातून तिनं तो आवाज काढला, खोल, थरथरता, मेंढी कोकराला हाक मारते तो. वाघरीतली कोकरं एकदम ओरडायला लागली. पोरगी रडायची थांबली. वळून बघितलं. धाकटीनं पुन्हा आवाज काढला. सासूनं तिला खाली ठेवलं आणि पोरगी रांगत, थांबत, पुन्हा रांगत आईच्या गुडघ्यापर्यंत आली. आबा कळपाकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

धाकटी नांदायला गेली. तिला पुढं एक मुलगा झाला. त्या वेळी मी आधीच डॉक्टरबाईंकडं नेलं, झोपेची सोय केली, गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि बाळंतपण सुखाचं गेलं. मी अंथुर्ण्याचं नाव काढलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, धाकटीलासुद्धा नाही. आई-आबा गेले, त्यांनाही न सांगता जाऊ दिलं.

आता ती रांगत आलेली पोरगी शिकून मोठी झाली, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते, लग्न झालं, दिवस गेले आहेत. परवा ती माझ्याकडं आली. पानात वाढलेलं तसंच ठेवून म्हणाली, "मावशी, आजी म्हणते, जपून राहा, तुझी आई तुझ्या वेळी वेडी झाली होती. म्हणते, तुझ्या आईच्या रक्तातलं आहे ते. लहानपणापासून म्हणते. खरं आहे?"

लहानपणापासून.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. विचारलं, "तुझ्या शिक्षणात ह्याबद्दल काय सांगतात?"

ती सांगू लागली. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. हार्मोन तिथं जाऊन काही चालू करतात, काही बंद करतात. काही बायकांची जनुकं हार्मोनच्या चढउताराला जास्त जोरात दाद देतात, आणि मग मन ढासळतं. मला बोअरवरची मोटर आठवली. मी म्हटलं, "मोटर सगळ्यांच्यात असते. स्टार्टर दाबणारा वेगळा."

"हो. आणि दाबणारा एकटा हार्मोन नसतो. झोप नसणं, भीती, एकटं पडणं, हे सगळं त्यात येतं. रक्तात असलं तरी होईलच असं नाही. आधी ठाऊक असलं तर डॉक्टर लक्ष ठेवतात." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "पण हे दोन्हीकडून येऊ शकतं, मावशी. बाबांकडं कुणाला होतं का?"

उघड्यावर भाव करणारी मी. तिला नुसतं म्हटलं, "आधी जेव." ती पोट धरून उठली आणि म्हणाली, "म्हणजे फक्त आईकडूनच."

ती गेल्यापासून माझ्या डोक्यातली आग विझलेली नाही.

आत्याबाई, तुम्ही अजून कोऱ्हाळ्यात ओट्यावर बसता, ऐकू चांगलं येतं, चष्माही आहे. हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल. अंथुर्ण्याचं नाव आज मी काढलं, तुमचं मात्र इथंही लिहिलेलं नाही, तेवढा पडदा अजून ठेवते आहे. पण वेड हा शब्द तुम्ही त्या पोरीच्या कानात ओतत राहिलात, तेव्हाच तुमचा हात पदराखालून निघाला.

आता नातीला बोलवा. तुमच्या तोंडानं सांगा, की तुम्हीही पोत्यावर बसून भिंतीकडं बघितलं होतं, आणि बऱ्या झालात, कारण तुमच्या आईनं तुम्हाला झोपू दिलं. तिच्या डॉक्टरला हे दोन्हीकडचं कळायला हवं. आणि माझ्या बहिणीला समोर बसवा. तिचं दूध आटत होतं तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं, हे तिला सांगा. मला म्हणालात, परत ते बघायचं नव्हतं. तिनं मात्र ते एकटीनं बघितलं, आणि लेकीवाचून बघितलं. ते का बघू दिलंत?

मला नको, तिला उत्तर द्या.